इंडस्ट्रियल ट्रेनिंगला जाताय? अर्जापासून शेवटच्या सहीपर्यंत

ट्रेनिंगहून परत आलेल्या मुलामुलींना मी पहिला प्रश्न हाच विचारते: तुमच्या लाइनवर माल सगळ्यात जास्त कुठे अडायचा? काहीजण लगेच सांगतात, "ग्राइंडिंगला. दोनच मशीन होती, आणि बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कोर, नीट काढलेली नसली की जॉब मागे जायचे." बाकीचे कंपनी किती एकरात पसरली आहे, किती लोक काम करतात ते सांगतात. प्रमाणपत्र दोघांकडेही सारखंच असतं आणि आठवडेही तेवढेच गेलेले असतात.

माझ्या ट्रेनिंगचे पहिले तीन आठवडे मीही दुसऱ्या प्रकारातच होते. वेळेवर जायचे, दाखवतील ते बघायचे, संध्याकाळी परत. काय बघायचं असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंग आपोआप मिळत नाही, ते मागून आणि विचारून घ्यावं लागतं, हे कळेपर्यंत निम्मा वेळ गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

मी मेकॅनिकलची आहे, त्यामुळे उदाहरणं वर्कशॉपमधली येतील. तुम्ही केमिकल प्लांटमध्ये, सूतगिरणीत किंवा सॉफ्टवेअरच्या टीममध्ये जाणार असाल तरी पायऱ्या याच आहेत. 'जॉब' म्हणजे मशीनवर घडवायचा नग. मी 'जॉब' म्हणेन तिथे तुमची बॅच किंवा तुमचं मॉड्यूल धरा.

१. कशासाठी जाताय ते आधी ठरवा

दोन-चार आठवड्यांचं ट्रेनिंग असेल तर एकच उद्दिष्ट ठेवा: माल आत येतो तिथपासून बाहेर जातो तिथपर्यंतचा सगळा प्रवास समजून घ्यायचा. एवढ्या वेळात एखाद्या मशीनवर हात बसत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर निराशाच होते. सहा महिने असतील तर गोष्ट वेगळी. मग पहिला महिना प्रवास समजून घ्यायला द्या आणि उरलेल्या वेळेत एक प्रश्न हातात घेऊन तडीस न्या.

डिग्री होऊन गेलेली असेल तर आणखी एक विचार करा. तुम्हाला प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स, डिझाइन यांपैकी काय आवडतं हे अजून तुम्हालाच ठाऊक नसतं. पुस्तकातून ते कळत नाही. मला डिझाइनला जायचं होतं. ट्रेनिंगमध्ये मेंटेनन्सवाल्यांबरोबर आठ दिवस काढले आणि बिघडलेलं मशीन उघडून बघण्यात मला किती रस आहे ते उमगलं. पुढची सगळी नोकरी त्याच विभागात झाली.

२. जागा शोधा आणि अर्ज करा

मोठी कंपनी की लहान वर्कशॉप, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. मोठ्या ठिकाणी पद्धती बघायला मिळतात: कामाच्या लेखी सूचना, तपासणीचे आराखडे, ऑडिट, सुरक्षेची शिस्त. पण ट्रेनीला हात लावू देत नाहीत, आणि पाहण्यासारखं इतकं असतं की वरवरचं पाहणं होतं. लहान जागी तिसऱ्या दिवशी हातात फाइल देऊन बर काढायला बसवतील, पण अमुक असंच का करायचं याचं लेखी उत्तर तिथे सहसा मिळत नाही. दोनदा जाण्याची संधी असेल तर आधी लहान जागी जा, नंतर मोठ्या. एकदाच जाता येणार असेल तर जिथे तुम्हाला नेमून दिलेला मार्गदर्शक मिळेल तिथे जा, मग कंपनी केवढी का असेना.

अर्ज दोन-तीन महिने आधी करा. मेलमध्ये चार गोष्टी स्पष्ट हव्यात: तुमची शाखा आणि वर्ष, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या विभागात शिकायचं आहे आणि का. "आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास आभारी राहीन" अशी मेल रोज येते आणि न वाचता मागे पडते. "चौथ्या सेमिस्टरला गिअर कटिंग शिकलो आहे, तुमच्याकडे हॉबिंग होतं, ते सहा आठवडे बघायचं आहे" असं लिहिलेली मेल विभागप्रमुखाकडे जाते. आठवड्याने फोन करा. कॉलेजच्या आधीच्या बॅचमधलं कोणी तिथे असेल तर त्यांच्याशी बोला. निम्म्या जागा अशाच ओळखीतून कळतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

इथले दोन सापळे ओळखून ठेवा. पहिला म्हणजे फी घेऊन "ट्रेनिंग" देणाऱ्या जागा. शिकवणीचा वर्ग म्हणून त्यातले काही चांगलेही असतील, पण जिथे खरं उत्पादन होत नाही ते इंडस्ट्रियल ट्रेनिंग नव्हे. विचारा: माझा मार्गदर्शक कोण, विभाग कोणता, तिथे रोज काय तयार होतं? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर निघा. दुसरा सापळा न जाता मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा. मुलाखत घेणाऱ्याला हे दोन प्रश्नांत कळतं, आणि कळल्यावर तुमच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

३. कागदपत्रं आणि सामान

जॉइन व्हायच्या आदल्या दिवशी रात्री धावपळ नको म्हणून हे आठवडाभर आधी एका फोल्डरमध्ये लावून ठेवा:

- कॉलेजचं शिफारसपत्र, प्राचार्यांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीचं, तारखांसह
- कंपनीच्या होकाराच्या पत्राची किंवा मेलची प्रिंट
- ओळखपत्र, कॉलेजचं आणि सरकारी, दोन्हींच्या प्रती
- फोटो, चार-सहा
- अपघात विम्याचा कागद, कंपनीने मागितला असेल तर. आणि मागितला नसेल तर विमा कोणाकडून आहे हे विचारून घ्या
- गोपनीयतेच्या करारावर सही घेतली तर त्याची तुमची प्रत
- रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड
- सेफ्टी शूज, स्वतःच्या मापाचे
- खिशात मावेल अशी जाड पुठ्ठ्याची वही आणि दोन पेनं

करारावर सही करण्याआधी तो वाचा. काय बाहेर बोलायचं नाही, कॉलेजच्या रिपोर्टमध्ये काय छापता येईल, हे त्यातच असतं. शेवटच्या आठवड्यात रिपोर्टमधली निम्मी पानं काढून टाकायला लागलेली मुलं मी पाहिली आहेत.

४. गेटच्या आत: आधी जीव

पहिल्या दिवशी तुम्हाला सुरक्षेची माहिती देतील. ती कंटाळवाणी वाटली तरी तीन गोष्टी स्वतः चालत जाऊन बघा: तुमच्या विभागातलं इमर्जन्सी स्टॉपचं बटण, जवळचा बाहेर पडायचा रस्ता, आणि सगळ्यांनी जमायची जागा.

अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, ओढणी, लोंबणारं आयकार्ड हे सगळं उतरवून ठेवा. केस घट्ट बांधून टोपीत घाला. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नका. नव्या मुलांना हे उलटं वाटतं, कारण हातमोजे संरक्षणासाठी असतात अशीच आपली समजूत असते. पण ड्रिलने किंवा लेथच्या चकने (जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीने) मोज्याचा धागा पकडला की तो मोज्याबरोबर हातही आत ओढतो, आणि तेवढ्यात मशीन बंद होत नाही. मोजे धारदार पत्रा उचलताना घालायचे, गरम माल हाताळताना घालायचे. चिप्स, म्हणजे कापताना निघणारे धातूचे तुकडे, हाताने ओढायच्या नाहीत, त्यासाठी आकडा किंवा ब्रश असतो.

दुरुस्तीसाठी उघडलेल्या मशीनच्या स्विचला कुलूप आणि टॅग लावलेला दिसेल. ते कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं असतं, कारण मशीनच्या पोटात त्याचा हात असू शकतो. लाइन खोळंबली आहे म्हणून कोणीही सांगितलं तरी त्याला हात लावू नका.

आवाजाचंही तसंच. आठ तासांच्या शिफ्टमध्ये आवाजाची पातळी ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तिथे कानात प्लग हवेतच. हाताच्या अंतरावर उभ्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल तर तुम्ही तशा जागी आहात असं समजा. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

तुम्हाला न शिकवलेलं मशीन चालवायला सांगितलं तर "मला हे दाखवलेलं नाही, आधी दाखवा" असं म्हणा. शरमेपोटी हो म्हणू नका.

५. पहिला आठवडा: एका जॉबचा माग काढा

एक पार्ट निवडा आणि तो कच्च्या मालाच्या स्टोअरपासून डिस्पॅचपर्यंत कसा जातो ते पायी चालून बघा. त्याच्याबरोबर फिरणारा कागद म्हणजे रूट कार्ड किंवा जॉब कार्ड. तो मागून वाचा. प्रत्येक ठिकाणी घड्याळ बघून दोन आकडे लिहा: काम प्रत्यक्ष किती मिनिटं चाललं आणि पार्ट नुसता किती वेळ पडून होता.

मी निवडलेल्या पार्टवर पाच मशीनवर मिळून पाऊण तासही काम नव्हतं. स्टोअरमधून निघून पॅकिंगला पोचायला त्याला नऊ दिवस लागले. बाकीचा सगळा वेळ तो ट्रॉलीत होता. उत्पादन व्यवस्थापनाच्या पेपरात हे मी पानभर लिहून आले होते, पण त्या ट्रॉलीवर साठलेली धूळ बघितली तेव्हा त्याचा अर्थ कळला.

६. वही रोज लिहा

रोज संध्याकाळी निघण्याआधी पंधरा मिनिटं. घरी जाऊन लिहीन म्हटलं की लिहिणं होत नाही. आज काय पाहिलं, कोणाला काय विचारलं, काय कळलं नाही, एवढं पुरे. "काय कळलं नाही" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळचे प्रश्न तिथूनच निघतात.

सुट्टीच्या दिवशी ती पानं आणि कॉलेजचं पुस्तक शेजारी ठेवून बसा. वर्ग आणि कारखाना असे जोडण्याची कल्पना शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये असा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा विद्यार्थी एक आठवडा वर्गात आणि पुढचा आठवडा कारखान्यात असत. त्या अदलाबदलीतच शिकणं होतं. तुमच्या वेळापत्रकात ती नसेल तर सुट्टीच्या दिवशी स्वतः करा.

मोबाइलने फोटो काढू नका, परवानगी असल्याशिवाय एकही नाही. ग्राहकांची नावं, ड्रॉईंगचे नंबर वहीत नकोत. स्केच काढा, हाताने काढलेलं स्केच जास्त लक्षात राहतं.

७. मोजायला शिका

तिसऱ्या आठवड्यात मला पहिल्यांदा तपासणीचं काम मिळालं. ५० मिमीचा शाफ्ट, ड्रॉईंगवर h7 (लहान एच), म्हणजे वरची मर्यादा ५०.००० आणि खालची ४९.९७५. लेथवरून जॉब उतरायचा, मी मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) लावायचे, ४९.९८ दिसायचं, तक्त्यात बरोबरची खूण करून जॉब ट्रेमध्ये. बारा जॉब झाले.

जेवणानंतर तपासणी विभागातल्या काकांनी ट्रे उचलला, आतल्या खोलीत ग्रॅनाइटच्या टेबलावर थोडा वेळ ठेवला आणि मोजायला घेतला. ४९.९६. दुसरा, ४९.९६. बाराच्या बारा बाद. शाफ्ट जाड असेल तर आणखी कापता येतो, बारीक झाला की भंगारातच जातो.

ते रागावले नाहीत. मला लेथपाशी नेलं, नुकत्याच उतरलेल्या जॉबवर माझा तळवा ठेवला, मग आतल्या गार जॉबवर. "हात काय सांगतोय?" जॉब चांगला गरम होता. कुलंट (कापताना गार ठेवणारं द्रव) न वापरता कापल्यामुळे तो खोलीपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी तापलेला, म्हणजे फुगलेला. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढतं. ५० मिमीला ३५ अंशांचा फरक लावला की ०.०२ मिमी होतात, आणि माझे हरवलेले ०.०२ तेच होते. हे गणित मी परीक्षेत सोडवलेलं होतं. पण वर्कशॉपमध्ये ते आपल्या हाताखाली घडतंय हे ओळखणं ही वेगळी विद्या आहे, आणि ट्रेनिंगचं मोल मला त्या दिवशी पटलं. लांबी मोजण्याचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस का ठरवलं आहे, हे मला परत कोणाला विचारावं लागलं नाही.

तुम्ही मोजायला बसाल तेव्हा: जॉब गार होऊ द्या, बर आणि तेल पुसा, मायक्रोमीटरचा शून्य तपासा, थिंबल (फिरवायची नळी) दाबून फिरवू नका, टोकाच्या रॅचेटनेच फिरवा, म्हणजे दाब दर वेळी सारखा राहतो. उपकरणावर कॅलिब्रेशनचं, म्हणजे ते बरोबर मोजतं का हे तपासल्याचं, स्टिकर असतं, त्यावरची तारीख उलटून गेली असेल तर ते उपकरण घेऊ नका. आणि ०.०२ मिमी लघुतम माप असलेल्या व्हर्नियरने ०.०२५ चा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) तपासायला जाऊ नका.

८. माणसांशी कसं वागायचं

वीस वर्षं एकाच मशीनवर असलेल्या ऑपरेटरला टूल बोथट झाल्याचं आवाजावरून कळतं. हे ज्ञान कुठल्या मॅन्युअलमध्ये नसतं. ते मिळवायचं तर सकाळी शिफ्ट सुरू होताना किंवा सेटिंग (पुढच्या जॉबसाठी मशीन तयार करणं) चालू असताना त्यांना प्रश्नांत गुंतवू नका. दोन दिवस बाजूला उभं राहून बघा, चिप्स आवरायला मदत करा, मग विचारा. "हे चुकीचं नाही का?" असं विचारू नका. "दादा, हे असं का करता?" असं विचारा. उत्तरात बऱ्याचदा असं एखादं कारण निघतं जे ड्रॉईंगवर कधीच येणार नाही.

दोन शिफ्टच्या मधली दहा मिनिटं अजिबात चुकवू नका. आधीचा ऑपरेटर नंतरच्याला काय सांगतो ते ऐका. मशीनची खरी तब्येत तिथे कळते.

आणि नुसतं झेरॉक्स काढायला किंवा फाइल लावायला बसवलं तर? आठवडाभर करा, नीट करा, मग मार्गदर्शकांकडे जा. "मला काम द्या" म्हणून हे होत नाही. "रोज दोन तास ग्राइंडिंगला उभं राहून रिजेक्शनची नोंद ठेवू का?" असं नेमकं मागा. नेमकं मागितलेलं सहसा मिळतं.

९. एक छोटा प्रश्न आपला करा

कंपनी सुधारायला निघू नका. एक मशीन घ्या आणि ते खरंच किती चालतं ते मोजा. समजा शिफ्टच्या ४८० मिनिटांतले सुट्टीचे ३० वजा जाता ४५० उरले. ब्रेकडाउन, सेटिंग, माल नाही म्हणून ९० गेले. चाललं ३६०, म्हणजे उपलब्धता ८० टक्के. एका जॉबला एक मिनिट लागायला हवं होतं, पण ३६० मिनिटांत ३०० च निघाले, म्हणजे वेग ८३.३ टक्के. त्यातले २८५ चांगले, म्हणजे गुणवत्ता ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६३.३ टक्के. याला ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणतात. दिवसभर सगळे घाम गाळत असताना मशीनचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वेळ कुठे गेला, हे एका आकड्यात समोर येतं.

मग त्या ९० मिनिटांतला सगळ्यात मोठा तुकडा धरा आणि "का?" विचारत खाली जा. टोयोटाचे ताइइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण असं आहे: मशीन बंद पडलं, कारण भार वाढून फ्यूज उडाला. भार वाढला, कारण बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. वंगण नव्हतं, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजलेला. शाफ्ट झिजला, कारण गाळणी नव्हती आणि धातूची कीस आत जात होती. पहिल्याच प्रश्नावर थांबलो तर नवा फ्यूज टाकतो आणि काही दिवसांनी तो पुन्हा उडतो.

वेळ सेटिंगमध्ये जात असेल तर जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांची साधी विभागणी लावून बघा: कोणती कामं मशीन थांबवूनच करावी लागतात आणि कोणती मशीन चालू असतानाच आधी उरकता येतात. माझ्या ट्रेनिंगमध्ये पुढच्या जॉबचे जॉ (चकमधले पकडीचे जबडे), टूल आणि गेज (माप तपासायची साधनं) शोधायला ऑपरेटर मशीन बंद केल्यावर स्टोअरला जात होते. ते सामान अर्धा तास आधी ट्रॉलीवर आणून ठेवायचं ठरलं आणि सेटिंगची ११ मिनिटं वाचली. सुपरवायझरनी ती पद्धत पुढे चालू ठेवली. माझ्या रिपोर्टमधलं ते सगळ्यात लहान प्रकरण होतं, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच बोलणं झालं.

१०. शेवटचे दहा दिवस

रिपोर्ट शेवटच्या दिवशी देऊ नका. दहा दिवस आधी मार्गदर्शकांना कच्चा मसुदा द्या, म्हणजे काय छापायचं नाही ते वेळेत कळेल. कंपनीचा इतिहास एका पानात संपवा. वेबसाइटवरून उतरवलेली पंधरा पानं कोणी वाचत नाही. पार्टचा प्रवास, तुमची मोजणी, आणि तुमचा प्रश्न यांनाच जागा द्या.

प्रमाणपत्र हातात पडलं की तिथेच उभं राहून वाचा: नावाचं स्पेलिंग, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विभाग, प्रोजेक्टचं नाव, सही आणि शिक्का. नंतर दुरुस्तीसाठी महिनाभर फेऱ्या होतात. हजेरीच्या कागदावरही सही घ्या, बऱ्याच कॉलेजांना तो वेगळा लागतो. गेट पास, लॉकरची किल्ली, हेल्मेट परत केल्याची नोंद करून घ्या.

ज्यांच्याकडून शिकलात त्या ऑपरेटरना जाऊन भेटा, फक्त साहेबांना नको. काकांना मी बारा शाफ्टची आठवण काढली तेव्हा त्यांनी ड्रॉवर उघडला. त्यातला एक त्यांनी भंगारात न टाकता ठेवला होता, पुढच्या ट्रेनीला दाखवायला. दोन वर्षांनी मी त्याच कंपनीत कामासाठी गेले तेव्हा तो त्यांच्या टेबलावर होता, आणि एक नवीन मुलगी त्याच्यावर तळवा ठेवून उभी होती.